स्प्रिंग हलकी करताना

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांना कीबोर्ड नको असतो, खडखडाट हवा असतो. टॅबलेटच्या काचेवर बोट टेकवलं की अक्षर उमटतं, पण बोटाला काही कळत नाही आणि कानाला काही ऐकू येत नाही. त्यात या मंडळींना मजा वाटत नाही. मग कुणीतरी त्यांना मलकापूरचा पत्ता देतं. कराडला लागूनच आमचं मलकापूर, आणि एके काळी जिथं माझ्या वडिलांची, अण्णांची, टायपिंग इन्स्टिट्यूट होती त्याच खोलीत मी टाइपरायटरसारखे दिसणारे आणि वाजणारे कीबोर्ड बनवते. गोल चाव्या, त्यांना चकचकीत कडा, डाव्या हाताला ओळ संपल्यावर ढकलायचा दांडा, वर टॅबलेट उभा करायला खाच. आतलं सगळं मात्र आजचं. शाईची फीत नाही, कागद नाही आणि बोटं काळी होत नाहीत.

हा धंदा मी ठरवून धरलेला नाही. अण्णांच्या वेळी मशीन बिघडलं की कोल्हापूरहून मेकॅनिक यायचा, म्हणजे यायचा नाही. वाट बघून बघून मीच पाना-पकड हातात घेतली. अण्णांच्या मागे इन्स्टिट्यूट मी चालवली, मुलं मला बाई म्हणायला लागली, आणि मग हातमशीनची परीक्षाच बंद झाली. एका दुपारी मी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं हातगाडीवर चढवायच्या आधी पहिल्या मशीनवर घण घातला, पत्रा सुटा करायला. आतली घंटी टणकन वाजली. ओळ संपत आली की वाजते ती घंटी. मी त्याचा हात थांबवला. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि बाकीची मशीनं परत आत नेली. त्यांच्याच चाव्या, दांडे आणि घंट्या मी आता वापरते.

बाहेरच्या माणसाला या कामातली एकच गोष्ट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे स्प्रिंग. प्रत्येक चावीखाली शेंगदाण्याएवढी एक डबी असते आणि डबीत बारीक तारेची स्प्रिंग. चावी दाबली गेली की नाही, ते ती स्प्रिंग ठरवते. कुणाला जड लागते, कुणाला हलकी. जुन्या टायपिस्टांना जडच आवडते, कारण त्यांची बोटं काम नसतानाही चाव्यांवर विसावलेली असतात. हलक्या स्प्रिंगवर बोट विसावलं की अक्षर आपोआप उमटतं. म्हणून मी आधी माणसाचे हात बघते, मग स्प्रिंग काढते.

नमुनेही भेटतात. सांगलीचा एक तरुण चारदा फोन करून फक्त दांड्याबद्दल बोलला. दांड्याचा आवाज कसा येईल, व्हिडिओत दिसेल का. मी विचारलं, "लिहिता काय?" म्हणाला, "ते अजून ठरलं नाही, आधी टेबल तर लावतो." कोयनानगरच्या एका निवृत्त कारकुनांना तळाशी लोखंडी पत्रा हवा होता. तिकडं जमीन अधूनमधून अंग झटकते आणि टेबलावरचं सगळं सरकतं. मी जाड पत्रा बसवून दिला. काही दिवसांनी त्यांचा फोन आला, "बाई, सकाळी हादरा बसला. कपाट हाललं, मी हाललो, तुमचा कीबोर्ड न्हाई हालला." एवढं चांगलं प्रशस्तिपत्र मला आजवर मिळालेलं नाही.

पण दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हटल्यावर यातलं काही आठवलं नाही. आठवले ते बनगर आप्पा. सणासुदीला हे वाचायला बरं वाटणार नाही, याची मला कल्पना आहे.

आप्पा म्हसवडचे. घराणं मेंढरं राखणारं. पावसाळा सोडला तर पाय घरी टेकायचे नाहीत, अशा घरातला खुर्चीवर बसलेला हा पहिला माणूस. तरुणपणी कराडात नातेवाइकाकडे राहून त्यांनी अण्णांच्या हाताखाली मराठी टायपिंग काढलं आणि जन्मभर तहसील कचेरीबाहेर झाडाखाली लोकांचे अर्ज टाइप केले. लहानपणी मी त्यांना इन्स्टिट्यूटमध्ये पाहिलेलं असणार, पण ते माझ्या खोलीत आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. बरोबर बायको हौसाकाकू आणि फौजेतून सुट्टीवर आलेला मुलगा तानाजी.

तानाजी सांगत होता. आप्पांचा आजार असा, की मेंदूकडून स्नायूंना जाणारा हुकूमच एकेक करून बंद पडतो. आधी जीभ गेली. पुढं हात जाणार, पाय जाणार, सगळ्यात शेवटी श्वास. डोकं मात्र अखेरपर्यंत लख्ख. औषध नाही. मुलानं त्यांना टॅबलेट घेऊन दिला होता, त्यावर लिहिलं की तो मोठ्यानं वाचून दाखवतो. पण काचेवर आप्पांची बोटं चालत नव्हती.

"लय परयत्न केला बाई," तानाजी म्हणाला. "काच बघून शोधत बसत्यात. आन चिडत्यात."

तेवढ्यात आप्पांनी माझ्या टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि बोटं चालवायला सुरुवात केली. टेबलावर एकही चावी नव्हती. नुसत्या फळकुटावर बोटं पडत होती, पण क्रम बरोबर होता. पोरांच्या पाठीमागं उभं राहून मी जन्मभर बोटंच बघितली आहेत. मी वाचत गेले. बाई, मला ओळखलंत का, असं ते विचारत होते. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

त्यांचा कीबोर्ड मी जुन्या मराठी मशीनच्या क्रमानं बांधला. दांडा असा जोडला की तो ढकलला की टॅबलेट लिहिलेलं बोलून दाखवील. आणि दांड्याबरोबर वाजायला अण्णांच्या मशीनची पितळी घंटी बसवली, म्हणजे काकू चुलीपाशी असल्या तरी त्यांना कळेल की आता आप्पा बोलणार आहेत.

पोचवायला मी स्वतः गेले. वडूज, दहिवडी करत एसटीनं म्हसवड म्हणजे सगळी हाडं मोजून होतात. आप्पांनी हात चालवला, दांडा ढकलला, घंटी वाजली आणि टॅबलेटमधून बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात आप्पा बोलले, "कळविण्यात येते की, चहा थंड झालेला आहे."

काकू दचकल्या. "आगं बया! ही कोन बोलतीया माझ्या घरात?"

"आप्पाच हायत आये," तानाजी हसत म्हणाला.

आप्पांनी पुन्हा टाइप केलं. "सबब, चहा गरम करून मिळणेस विनंती आहे."

जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिलेला माणूस, त्याला स्वतःसाठी दुसरी भाषाच येत नव्हती. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि म्हणत होत्या, "सरळ बोला की वो! मी काय तशीलदार हाय व्हय?" त्या दिवशी त्या घरात जे हसणं झालं ते मी कधी विसरणार नाही, कारण पुन्हा झालं नाही.

काही आठवड्यांनी तानाजीचा त्याच्या ठाण्यावरून फोन आला. कीबोर्ड बिघडलाय, अक्षरं गाळतोय. मी गेले. चाव्या उघडून साफ केल्या, तरी आप्पा लिहायचे तेव्हा मधली मधली अक्षरं गळायची आणि मी लिहायचे तेव्हा सगळी उमटायची. माझ्याकडे सोनाराची बारकी वजनं असतात, ती एकेका चावीवर ठेवून बघितली. स्प्रिंगा होत्या तशाच होत्या. मग मी आप्पांकडे बघितलं. ते माझ्याचकडे बघत होते. त्यांनी सावकाश, अक्षर गळलं की पुन्हा दाबून, एक ओळ लिहिली: सदर बाब घरच्यांस कळवू नये. दांडा ढकलला नाही, घंटी वाजू दिली नाही. नुसतं हनुवटीनं काचेकडे दाखवलं. काकूंना वाचता येत नव्हतं.

काकूंनी विचारलं, "काय झालतं वो बाई?"

"स्प्रिंगा गंजल्यात," मी म्हणाले. "बदलते."

तेव्हापासून मी अधूनमधून जात राहिले आणि दर वेळी स्प्रिंगा हलक्या करत राहिले. माझ्या कामाचा मला अभिमान आहे, पण हे काम मला आवडत नव्हतं. डॉक्टर त्यांना तपासत होतेच. पण या माणसाची बोटं गेल्या खेपेपेक्षा किती विझली आहेत, हे माझ्या चिमट्यात धरलेली स्प्रिंग सांगायची, आणि ते मला कुणालाच सांगायचं नव्हतं. उजव्या करंगळीची स्प्रिंग आधी बदलली, मग अनामिकांची. मग सगळीच.

एक प्रश्न मात्र त्या घरात लटकून होता. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की श्वास थकेल तेव्हा दोनच वाटा राहतील. मिरजेला नेऊन गळ्याला छेद द्यायचा आणि श्वासाच्या मशीनवर ठेवायचं. मग माणूस राहील, पण हलता न येता, नुसत्या डोळ्यांनी, किती वर्षं ते सांगता येणार नाही. किंवा घरी ठेवायचं आणि औषधानं त्रास कमी करत जाऊ द्यायचं. रुग्णाचं मत आधीच घेऊन ठेवा, असंही ते म्हणाले होते. तानाजी दर सुट्टीत विचारायचा. आप्पा टाइप करायचे, घंटी वाजायची आणि ती बातम्यांची बाई शांतपणे सांगायची, "सदर बाब विचाराधीन आहे."

तानाजी वैतागायचा. "आप्पा, ही कचेरी न्हाई वो. टाइम न्हाई आपल्याकडं."

मला वाटतं, त्यांचं ठरलेलं होतं. पण काकू समोर बसलेल्या असायच्या, आणि ते वाक्य परक्या बाईच्या आवाजात त्यांच्या कानावर घालायचं आप्पांना धाडस होत नव्हतं. त्यांना अजून वेळ आहे असं वाटत होतं. वेळ किती आहे हे मला माहीत होतं, आणि मी पाहुणी होते.

मग एका खेपेला माझ्याकडच्या सगळ्यांत हलक्या स्प्रिंगा बसल्या. त्याहून हलकं काही नव्हतं. दांडा ढकलणंही आता जमत नव्हतं, म्हणून उमटेल ते अक्षर टॅबलेट लगेच बोलेल असं मी करून दिलं. मी निघण्याआधीच टॅबलेट आपला आपण बोलायला लागला, "क क क क." आप्पांचं बोट क वर विसावलेलं होतं, जसं जन्मभर विसावत आलं होतं, आणि आता त्याला ते उचलता येत नव्हतं. टॅबलेटमधली बाई थांबेना. काकूंनी उठून टॅबलेट पालथा घातला, वर फडकं टाकलं, तरी खालून तोच आवाज. शेवटी मी तो बंद केला.

काकू मला पाणी द्यायला बाहेर आल्या. तांब्या हातात देताना म्हणाल्या, "बाई, येक इचारू? आमच्या म्हसवडात प्यायला पानी न्हाई. स्प्रिंगा कशानं गंजत्यात?"

 त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दोघं नवराबायको एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती आणि मध्ये मी स्प्रिंगा बदलत होते.

मी मलकापूरला येऊन सगळ्या चाव्या काढून टाकल्या आणि एकच ठेवली. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाची, कारण त्यात अजून थोडा जीव होता. तिची स्प्रिंग बोटाच्या वजनापेक्षा केसभर जड ठेवली, म्हणजे नुसतं विसावल्यानं काही व्हायचं नाही, मनानं दाबलं तरच चावी जाईल. चावीला टॅबलेट जोडला नाही. विजेची एक लहान हातोडी जोडली आणि तिच्यासमोर अण्णांची घंटी. एकदा वाजली की होय, दोनदा वाजली की नाही. बोलण्याचं एवढंच शिल्लक होतं.

ते घेऊन मी गेले तेव्हा तानाजी तातडीच्या सुट्टीवर आलेला होता. सकाळची वेळ. आप्पांना अंगणात उशांना टेकवून बसवलं होतं. श्वास खांद्यांनी चालला होता, छातीनं नव्हे. मी त्यांचा हात फळीवर ठेवला, बोट चावीवर. विचारलं, "आप्पा, मी कराडची बाई का?" टण. "हे मलकापूर का?" टण, मग बराच वेळ गेला, बोट वर यायला धडपडलं, आणि टण. जमलं होतं. पण मी बघितलं की दाबल्यावर बोट आखडून तसंच राहतं. खाली जाणं त्यांच्या हातात होतं. वर येणं जवळजवळ नव्हतं.

तानाजीला दम धरवत नव्हता. त्याला दोष नाही, तिथं बापाचा श्वास वाजत होता. तो खाली बसला, आप्पांचा गुडघा धरून म्हणाला, "आप्पा, गाडी सांगून ठिवलीया. मिरजेला जाऊ. मिशीनवर ठिवू तुमाला. व्हय ना?"

टण.

एकदाच. आम्ही थांबलो. दुसरी घंटी आली नाही. तानाजीचा चेहरा सुटला, तो उठलाच. "व्हय म्हनले. आये, कपडे भर." आणि त्यानं खिशातून मोबाइल काढला.

मी आप्पांचं मनगट बघत होते. वरची शीर ताणलेली होती. बोट चावीवर रुतलेलं होतं आणि नख पांढरं पडलं होतं. मी तोंड उघडणार तोच काकू बोलल्या, "थांब तान्या."

"काय थांब? म्हनले की त्ये."

"मेंढराच्या गळ्यातली घाटी आईकलीस न्हवं ल्हानपनी? चरतं जनावर घाटी वाजवत ऱ्हातं. येकदाच वाजून गप झाली की आपुन काय समजतो?"

तानाजीनं मोबाइल खाली केला.

"जनावर अडाकलंय, आसं समजतो," काकू म्हणाल्या. "बाई, बोट सोडवा त्यांचं."

मी आप्पांचं बोट हलकेच चावीवरून सोडवलं. किती हलकं होतं ते. चोळून सैल केलं आणि पुन्हा चावीवर नुसतं टेकवलं. त्यांचे डोळे काकूंवर होते.

"दोनदा वाजवायला जमत न्हाई त्यांना," काकू म्हणाल्या. "उलटं इचार."

"उलटं म्हंजी?" तानाजी म्हणाला, पण त्याला कळलं होतं. विचारायला तो पुढं झाला नाही. सरहद्दीवर उभा राहणारा गडी आप्पांकडे पाठ करून उभा राहिला.

मग काकूच आप्पांसमोर बसल्या. पदर नीट केला. काकूंना ते श्वासाचं मशीन हवं होतं, हे मला माहीत आहे. आप्पांचे नुसते डोळे राहिले असते तरी त्यांनी ते सांभाळले असते. वर्षानुवर्षं सांभाळले असते, आणि वर हसल्या असत्या. त्यांनी विचारलं, "आवं, तुमाला कुटंच जायाचं न्हाई. व्हय ना? हितंच ऱ्हायाचं हाय, माझ्यापाशी. जवर हाय तवर."

प्रश्न पुरा व्हायच्या आत घंटी वाजली.

तानाजी रडत म्हणाला, "आये, आजून येकदा इचार. नक्की कर."

"न्हाई," काकू म्हणाल्या. "येकदा सांगितलंय त्यांनी." मी बोट सोडवायला हात पुढे केला होता, तो त्यांनी धरला. "ऱ्हाऊ द्या बाई. आता नका उचलू त्यांचं बोट."

त्यानंतर आप्पांनी फार दिवस काढले नाहीत. घरीच गेले, काकूंचा हात छातीवर असताना, असं तानाजीनं फोनवर सांगितलं. मी पुन्हा म्हसवडला गेले ती भेटायला. माझ्या मनात एकच बोचत होतं. मी ती चावी त्यांना बोलता यावं म्हणून बांधली होती, आणि तिच्यावर ते जे बोलले ते काकूंना स्वतःच्या तोंडानं विचारावं लागलं. मी तसं काकूंना म्हणाले. त्या म्हणाल्या, "कुनीतरी इचारायचंच व्हतं न्हवं."

निघताना त्यांनी आतून कीबोर्ड आणून माझ्या हातात दिला. ती एक चावी, हातोडी, घंटी.

"असू दे की काकू," मी म्हणाले. "आठवण म्हणून ठेवा."

"नगं बाई. घरात ठिवला, आन मांजराच्या पायानं जरी वाजला, तर मी धावत जाईन."

एसटीत तो मी मांडीवर घेऊन बसले. दहिवडीपर्यंत रस्ता उखडलेला होता. गाडी खड्ड्यात गेली की हातोडी हलायची आणि घंटी वाजायची. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मग मी रुमाल काढला आणि घंटीत कोंबला.